फ्रिजच्या दाराचं रबर: बदलायचं कधी आणि बसवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंकडे नऊ वर्षांचा सिंगल डोअर फ्रिज आहे. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलंय, वरच्या बाजूला कडक झालंय. डीप फ्रीजमध्ये दोन दिवसांत बर्फाचा थर चढतो आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. घरी आलेल्या मेकॅनिकने 'अख्खं दार बदला' असं सांगितलं. सध्या रात्री दाराला खुर्ची टेकवून ठेवतात. रबर घरच्या घरी बदलता येईल का, कंपनीचंच घ्यावं का आणि चिकटवायला काय वापरायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच चांगली चांगली रबरं वाया जातात. चिकटवायला काहीही वापरायचं नाही. फेविक्विक नको, सिलिकॉन नको, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन तर अजिबात नको. रबर एक तर खाचेत दाबून बसतं, नाहीतर स्क्रूच्या पट्टीखाली धरलं जातं. एकदा का चिकटवलं, की पुढच्या वेळी ते ओढताना खाचेचं प्लॅस्टिक सोबत निघून येतं. मग मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं, दारच बदलावं लागतं.

बाकी, हो, घरी बदलता येतं. हाताला स्क्रू ड्रायव्हरची सवय असलेल्या माणसाचं तास-दीड तासाचं काम आहे. पण आधी रबर बदलायची खरंच गरज आहे का, ते बघून घ्या. 'रबर गेलं' म्हणून बोलावतात आणि जाऊन बघावं तर रबर ठीक, दार लोंबलेलं, असं फार वेळा होतं. अशा दाराला नवंकोरं रबर लावलं तरी तीच फट परत दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'डुप्लिकेट माल दिला बगा.'

असं का होतं, ते रबराची रचना बघितली की कळतं. आपण रबर म्हणतो, पण बहुतेक फ्रिजांत ते मऊ पीव्हीसी असतं. त्याचे तीन भाग. मागे बाणाच्या टोकासारखी कड असते, ती दाराच्या खाचेत अडकते. मधे पेटीच्या भात्यासारखी घडी असते, ती ताणली जाते आणि दबते. पुढच्या पोकळीत चुंबकाची लवचिक पट्टी सरकवलेली असते, ती फ्रिजच्या पत्र्याला जाऊन चिकटते. या चुंबकाची ओढ फक्त शेवटच्या काही मिलीमीटरपुरती चालते. तिथपर्यंत रबराला आणून सोडायचं काम दाराचं. दार एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं जरी लांब राहिलं तर चुंबक काही त्याला ओढून घेत नाही, मग रबर कुठल्याही कंपनीचं असो.

(चुंबक एवढा हलका ठेवण्यामागे कारण आहे. पूर्वीच्या फ्रिजना खटक्याची कडी असायची, आतून उघडता न येणारी. खेळताना मुलं टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायची आणि गुदमरायची. अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे. आता चुंबकाच्या रबरामुळे ते आपोआप साधतं. तरीही जुना फ्रिज भंगारात देईपर्यंत गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवणार असाल तर दार काढून बाजूला ठेवा. लहान मुलाला आतून जोर लावता येईलच असं नाही.)

आता तपासणी. दहाची नोट घ्या किंवा वर्तमानपत्राची पट्टी कापा. ती अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळू ओढा. थोडं अडकत, ओढ देत निघाली तर त्या जागी रबर धरतंय. सुळ्ळकन निघाली तर तिथे फट आहे. हे दाराच्या चारी बाजूंनी, वीतभर अंतराने करा. लोक हँडलच्या बाजूला दोन ठिकाणी बघतात आणि सोडून देतात. बिजागरीची बाजू कुणीच बघत नाही, आणि कडक झालेलं रबर सगळ्यात आधी तिथेच दुमडतं.

दुसरी तपासणी रात्रीची. मोबाईलचा टॉर्च लावून फोन फ्रिजच्या आत दाराकडे तोंड करून ठेवा, स्वयंपाकघरातला दिवा बंद करा आणि दार लावून कडेने डोळा फिरवा. एक लक्षात ठेवा, रबर पांढरं असेल तर ते स्वतःच थोडं उजळलेलं दिसतं. तो मंद उजेड म्हणजे फट नव्हे. फट असली की बारीक, धारदार रेघ दिसते आणि डोकं हलवलं की ती रेघही हलते. फोन आत विसरू नका, थंड झाला की बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं.

तिसरी तपासणी मी स्वतः जास्त वापरतो. रबराच्या पुढच्या तोंडावर बोटाने टाल्कम पावडर लावा, दार एकदाच हळू लावा आणि उघडा. फ्रिजच्या पत्र्यावर पावडरची चौकट उमटते. जिथे रेघ तुटली तिथे रबर टेकत नाही. नोटेने फट आहे की नाही एवढंच समजतं, पावडरने ती किती लांब आहे तेही दिसतं.

तुमच्या लक्षणांपैकी बर्फाचं कारण रबर असू शकतं. बाहेरची दमट हवा फटीतून आत जाते आणि तिच्यातली वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे डीप फ्रीजच्या पत्र्यावर गोठते. आपल्याकडे हे पावसाळ्यात जास्त दिसतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा कोरडी असते, तेव्हा तीच फट वेगळ्या रूपात कळते: बर्फ फार नसतो, पण पारा चाळीसच्या वर आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात 'गॅस कमी झाला' म्हणून गॅस भरायला निघालेल्या माणसालाही मी आधी नोट ओढून बघायला सांगतो.

भाजीच्या ट्रेखालचं पाणी मात्र बऱ्याचदा रबरामुळे नसतं. आतल्या भिंतीच्या तळाशी पाणी बाहेर जायचं एक छोटं भोक असतं. त्यात कोथिंबिरीची काडी, कढीपत्त्याचं पान अडकलं की वितळलेलं पाणी खाली उतरून ट्रेखाली जमतं. फ्रिज बंद करून त्या भोकात जाड दोरा किंवा लवचिक नळी हळूच फिरवा, मग कोमट पाणी सोडा. मागच्या बाजूला कॉम्प्रेसरवरच्या भांड्यात पाणी उतरताना दिसलं की झालं. नवीन रबर घालूनही पाणी तसंच राहिलं तर चीड येते, म्हणून हे आधी करा.

रबराला दोष देण्याआधी दाराकडे बघा. उन्हाळ्यात प्रत्येक घरात दाराचे कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी खच्चून भरलेले असतात. दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या म्हणजे आठ किलो वजन एका बिजागरीवर. वर्षानुवर्षं हा भार सोसून खालच्या बिजागरीतला नायलॉनचा बुश, म्हणजे बिजागरीची खुंटी ज्यात फिरते ती छोटी टोपी, झिजतो आणि हँडलकडचा भाग खाली येतो. ओळखायची खूण: दार लावून समोर उभं राहा. दाराची वरची कड आणि फ्रिजची वरची कड समांतर दिसते का? हँडलकडे उतरती दिसली तर दार लोंबलंय. दार अर्धं उघडून हँडल धरून वर उचला. टक् असा आवाज येऊन दार हललं तर बुश गेलाय. तो छोटा आणि स्वस्त पार्ट आहे, रबर आणायला जाल तेव्हा सोबत आणा.

फ्रिजचे पुढचे पायही बघा. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच असायला हवी, म्हणजे अर्धं उघडं सोडलेलं दार आपल्या वजनाने सावकाश लागतं. आपल्याकडे फ्रिज चाकाच्या स्टँडवर ठेवायची पद्धत आहे. त्यातली हलकी स्टँडं वजनाने एका बाजूला दबतात, फ्रिज पिळला जातो आणि दार कोपऱ्यात उघडं राहतं. स्टँडवरून उतरवून फ्रिज सरळ फरशीवर ठेवला आणि फट गेली, असंही होतं. पुढे खुर्ची टेकवायची गरज पडते याचा अर्थ दार आपणहून लागत नाही. खुर्चीमुळे दार एकाच जागी दाबलं जातं, बाकीच्या कडेला त्याचा उपयोग नाही.

फाटलं नसेल, नुसतं घाण झालं असेल तर धुण्याने काम भागतं. कोमट पाणी, थोडा भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. अशोक चौक, भवानी पेठेकडे, यंत्रमागाच्या घरांत, रबराच्या घडीत सुताचं तूस बसतं. त्यात स्वयंपाकाची तेलकट वाफ मिसळली की काळा, चिवट थर होतो. वरून पुसून काही दिसत नाही. घडी दोन बोटांनी उघडून ब्रश फिरवला की तो थर गुंडाळी होऊन बाहेर येतो आणि दबून गेलेलं रबर परत फुलतं. अशा घरांत मागची काळी जाळीही तुसाने भरलेली असते, ती पण झाडून घ्या. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका. तेलही लावू नका. 'रबर मऊ राहावं म्हणून शेंगतेल चोळतो' असं अभिमानाने सांगणारी माणसं भेटतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक द्रव्य मिसळलेलं असतं, ते द्रव्यच तेल शोषून घेतं. चार दिवस रबर चकाकतं आणि मग आणखी कडक होतं.

तुमचं रबर फाटलंय आणि कडकही झालंय, म्हणजे ते बदलायचंच. आता कुठल्या जातीचं आहे ते बघा. दार उघडा, रबराची आतली पातळ पाकळी नखाने उचला. खाली ओळीने स्क्रू दिसले तर जुनी स्क्रूची पद्धत. स्क्रू नसतील आणि रबर थोडं ओढल्यावर खाचेतून सुटू पाहत असेल तर दाबून बसवायचं. हल्लीच्या बहुतेक फ्रिजांत हेच असतं आणि नऊ वर्षांच्या तुमच्या फ्रिजातही बहुधा हेच निघेल. तिसरा प्रकार म्हणजे पाकळी उचलतच नाही, रबर दाराच्या फोममध्येच पक्कं बसवलेलं. ते घरी सुटं करता येत नाही. काही मॉडेलना कंपनी सुटं रबर देतच नाही, दारासकट देते. तुमच्या मेकॅनिकने दार बदलायला सांगितलं त्यामागे हे कारण असू शकतं, लगेच फसवतोय असं समजू नका. खाचेची कड तुटली असेल किंवा दाराच्या आतलं प्लॅस्टिक चिरलं असेल तरीही दार बदलणंच बरं. पण पाकळी उचलली जात असेल, खाच धड असेल, तर दार बदलायचं काही कारण नाही.

खरेदीला जाताना मॉडेल नंबर सोबत हवा. तो फ्रिजच्या आत बाजूच्या भिंतीवर, नाहीतर पाठीमागे स्टिकरवर असतो. फोटो काढून घ्या. लिटरवर जाऊ नका. एकाच कंपनीच्या एकाच लिटरच्या दोन मॉडेलांची दारं वेगळ्या मापाची निघतात. रबर कोपऱ्यात उचलून त्याची आडवी कड दिसेल असाही एक फोटो घ्या, म्हणजे बाणाचा आकार दुकानदाराला कळेल. माप घ्यायचं ते खाचेचं: या खाचेच्या मधापासून समोरच्या खाचेच्या मधापर्यंत, रुंदी आणि उंची, मिलीमीटरमध्ये. बाहेरच्या कडेपासून माप घेऊन रबर आणलं की ते मोठं होतं आणि बसवताना लाटा पडतात. आणि जुनं रबर काढून, पिशवीत घालून दुकानात जाऊ नका. मेच्या उन्हात फ्रिज उघडा टाकून दुकानं फिरण्यात अर्थ नाही.

कंपनीचं मिळत असेल तर तेच घ्या, मापाची कटकट राहत नाही. मिळत नसेल तर लांब पट्टीतून मापाने कापून, कोपरे गरम करून जोडून देणारे असतात. तेही चांगलं चालतं, फक्त कोपरे तपासून घ्या. चारही कोपरे दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. सांध्यातून उजेड दिसला तर नको. सांध्याला टोचणारी गाठ असेल तर तिथे ते पत्र्यावर टेकणार नाही. मग दुकानातल्याच लोखंडी कपाटाला रबर लावून चारी बाजूंनी चुंबक धरतो का बघा. पट्टी कोपऱ्यापासून थोडी अलीकडे थांबते, ते ठीक. बोटभर लांब थांबली असेल तर तो कोपरा पुढे उघडा राहणार.

रबर घडी घालून, छोट्या पिशवीत कोंबून दिलेलं असतं. तसंच बसवू नका. हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घड्या सैल होतात. उकळतं पाणी नको, कोपऱ्याचे सांधे सुटतात. बादलीभर पाणी लागतं, तेव्हा नळाला पाणी यायच्या दिवशी काम काढा, आपल्याकडे ते रोज येत नाही. उन्हाळ्यात गच्चीत सपाट पसरून ठेवलं तरी चालतं, पण पत्र्यावर नको आणि टांगून तर नकोच. गरम झालेलं रबर स्वतःच्या वजनाने लांबतं आणि मग खाचेत मावत नाही.

काम सकाळी लवकर काढा. आदल्या रात्री फ्रिज बंद करून डीप फ्रीजचा बर्फ आपणहून वितळू द्या. सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर घालून बर्फ काढू नका. पत्र्यात गॅसची नळी असते, ती फुटली की फ्रिज संपला. नव्या फ्रिजांत आर-६००ए हा गॅस असतो आणि तो पेट घेतो, म्हणून काम चालू असताना जवळ शेगडी किंवा उदबत्तीही नको. दूध, दही शेजारी ठेवायला द्या. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर ते आधी हलवा. मग प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागवू नका.

दाबून बसवायचं रबर काढायला काहीच हत्यार लागत नाही. कोपरा धरायचा, आपल्याकडे थोडं तिरपं ओढायचं आणि तसंच पुढे जायचं. वाळलेलं असेल तर बाणाचे तुकडे खाचेतच राहतात. ते आइस्क्रीमच्या काडीने किंवा चमच्याच्या दांड्याने खरवडून काढा. सुरीने काढाल तर आतलं प्लॅस्टिक कापलं जाईल. खाच ब्रशने धुऊन कोरडी करा. खाचेत झुरळाची अंडी सापडली तर दचकू नका, ती उबदार आणि अंधारी जागा त्यांना आवडते.

बसवताना सगळे जण एकाच प्रकारे चुकतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दाबत दाबत चारी बाजूंनी येतात, आणि शेवटी दोन इंच रबर जास्त उरतं किंवा कमी पडतं. दाबताना आपण नकळत ओढत असतो. म्हणून आधी चारही कोपरे बसवा. मग प्रत्येक बाजूचा मध्य. मग त्या दोन्हींचा मध्य. असं अर्धं अर्धं करत गेलं की ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. अंगठ्याने दाबताना बाण खाचेत गेला की बारीक टक् असा आवाज येतो, निदान अंगठ्याला तरी जाणवतो. जिथे जाणवत नाही तिथे परत दाबा. कोपऱ्यात ताकद लागते, पण हातोडी नको. पाकळी शेवटी बोटाने पूर्ण फिरून बघा, कुठे आत दुमडली असेल तर बाहेर काढा.

स्क्रूची पद्धत असेल तर एक गोष्ट महत्त्वाची: सगळे स्क्रू एकदम काढू नका. त्या स्क्रूंनी रबर, आतलं प्लॅस्टिक आणि दाराचा पत्रा असे तिन्ही धरलेले असतात. सगळे सुटले की दार पिळतं आणि मग कितीही दाबलं तरी एक कोपरा वर राहतो. एका बाजूचे स्क्रू सैल करा, जुनी पाकळी बाहेर ओढा, नवी आत सरकवा, स्क्रू हलके लावा, मग पुढची बाजू. चारी बाजू झाल्यावर दार लावून बघा. एक कोपरा उघडा राहत असेल तर कुणाला तरी दार त्याच्या उलट दिशेने किंचित पिळून धरायला सांगा आणि त्या अवस्थेत स्क्रू आवळा. जुन्या मेकॅनिकांचं कसब यातच दिसायचं. जास्त आवळू नका, प्लॅस्टिकचे आटे जातात. फार जुन्या फ्रिजच्या दारात काचेची लोकर असते, तेव्हा हातमोजे घाला आणि तोंडाला रुमाल बांधा.

मग दाराची पातळी. वरच्या बिजागरीवरची प्लॅस्टिकची टोपी काढली की बोल्ट दिसतात. ते बहुतेकदा दहाच्या पान्याने सुटतात. अर्धा फेरा सैल करा, एकाने हँडलच्या बाजूने दार वर उचलून धरायचं, दुसऱ्याने आवळायचं. हे एकट्याने करू नका. बुश बदलायचा असेल तर दार पूर्ण खाली घ्यावं लागतं, म्हणून रबर बसवण्याआधी बुश घाला.

नवीन रबर पहिल्या दिवशी कुठे ना कुठे टेकत नाही, बहुधा बिजागरीच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात. घाबरून परत द्यायला जाऊ नका. केस वाळवायचा ड्रायर मध्यम गरम ठेवून, वीतभर अंतरावरून ती जागा मऊ करा. रबर बोटाने पत्र्याच्या दिशेने ओढा, पाकळीखाली कागदाची बारीक गुंडाळी सरकवा आणि दार लावून रात्रभर बाहेरून चिकटपट्टी मारून ठेवा. सकाळी गुंडाळी काढली तरी रबर तसंच राहतं. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीनदा धरा. हीट गन किंवा मेणबत्ती नको, दाराच्या आतला फोम जळतो. बिजागरीच्या बाजूला रबर घासून आत गुंडाळलं जात असेल तर तिथे टाल्कम पावडर चोळा, सरकायला लागतं. दुसऱ्या दिवशी पावडरची तपासणी परत करा, आता चौकट सलग उमटायला हवी.

दार लावल्यावर लगेच उघडायला गेलात आणि ते जड लागलं तर चांगलं लक्षण समजा. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसते आणि दार क्षणभर ओढून धरते. फाटक्या रबराच्या फ्रिजला हे होत नाही, फटीतून हवा येते. रबराशेजारची फ्रिजची चौकट हाताला कोमट लागली तरी ती गळती नाही. बऱ्याच फ्रिजांत तिथून मुद्दाम गरम नळी फिरवलेली असते, कडेला घाम येऊ नये म्हणून.

प्लग लावल्यावर रिकामा फ्रिज दोन-तीन तास चालू द्या आणि मगच सामान भरा. दारात बाटल्या ठेवायच्या त्या लहान ठेवा, मोठ्या खालच्या जाळीवर. आणि रेग्युलेटरचं बटण बघा. फट असताना गारवा पुरत नाही म्हणून ते तुम्ही शेवटच्या आकड्यापर्यंत नेलेलं असणार, सगळे नेतात. ते मधल्या आकड्यावर आणा. तसंच राहिलं तर नव्या रबराने आतला गारवा बाहेर जात नाही, दोन दिवसांत टोमॅटो काचेसारखे कडक होतात, दह्यात बर्फाचे खडे दिसतात आणि फोन येतो की रबर बदलल्यापासून फ्रिज बिघडलाय.